चार बोटं खाली

तात्यांनी चौतीस वर्षं लिफ्टची देखभाल केली. 'तात्या' हे नाव त्यांना कामावरच पडलं, तेही पंचविशीत, कारण त्या वयातही ते म्हाताऱ्यासारखी प्रत्येक गोष्ट तीनतीनदा तपासायचे. डबा खायला बसायच्या आधी स्टूल हलवून बघायचे. बरोबरचे लोक हसायचे, पण तात्यांनी तपासलेल्या लिफ्टमध्ये कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

त्या चौतीस वर्षांत एकदाच त्यांनी एका माणसाचं वाईट केलं. बारा वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेला सोबती. एका लिफ्टचा ब्रेक जरासा घसरतोय हे त्याला दिसलं होतं, पण घरी जायची घाई होती म्हणून त्यानं वहीत लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या ते लक्षात आलं. झालं काहीच नव्हतं, तरी ते सरळ साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि तो माणूस कायमचा घरी बसला. "चूक काय, माझ्याकडूनही होईल," तात्या तेव्हा म्हणाले होते, "पण दिसलेली चूक झाकली, त्याला माफी नाही." हे बोलताना त्यांना जराही जड गेलं नव्हतं.

नोकरी संपली, बायको आधीच गेली होती, तेव्हा ते लेकीकडे राहायला आले. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. जावई जहाजावर, चार महिने पाण्यात आणि दोन महिने घरात. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिला मुलगी झाली आणि घराचं रूपच पालटलं. पोरीचं नाव कागदोपत्री मोठं आणि सुंदर होतं, पण कापडात गुंडाळून दवाखान्यातून आणली तेव्हा तात्या म्हणाले, "हे तर गठुडं आहे!" आणि ती घरात गठुडंच झाली.

गठुड्याची एकच तक्रार होती: खाली ठेवायचं नाही. पाळण्यात ठेवलं की भोकाड, गादीवर ठेवलं की भोकाड. उचललं की लगेच गप्प, जणू रडणारं ते नव्हेच. साडेतीन महिन्यांनी लेकीची रजा संपत आली तेव्हा तिनं तात्यांपुढे विषय काढला.

"बाबा, दिवसभर हातात घेऊन बसाल? तुमचे हात राहतील का जागेवर?"

"हात राहतील. जेवू कसा, ते सांग."

मग लेकीनं ते कापड आणलं. पाच मीटर लांब, करडं, मऊ आणि थोडं ताणलं जाणारं. अंगाभोवती फिरवून, छातीवर फुली घालून कमरेशी गाठ मारायची आणि पोटाशी झालेल्या झोळीत बाळ बसवायचं. तात्यांनी ते उलगडलं, उलगडतच राहिले, आणि शेवटी म्हणाले, "अगं, बाळ बांधायचंय की खिडकीला पडदा लावायचाय?"

पण त्याबरोबर चित्रांची घडीपत्रिका होती, आणि कागदावर पायरी एक, पायरी दोन असं लिहिलेलं दिसलं की तात्यांच्यातला कारागीर जागा व्हायचा. त्यांनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली. बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे. हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. नुसती मान वाकवली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे, इतकं ते वर हवं. त्यांनी आधी पाच किलो पिठाची पिशवी बांधून सराव केला. पिशवीच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून बघणाऱ्या बापाला बघून लेक हसून हसून भिंतीला टेकली.

आणि जमलं. काय सुरेख जमलं! पिशवीच्या जागी गठुडं आलं, छातीला कान लावून पडलं आणि दोन मिनिटांत झोपलं. तात्यांना आठवेना, आपल्या स्वतःच्या लेकीला आपण असं कधी धरलं होतं. तेव्हा सकाळी सातला घराबाहेर पडायचं आणि परतायचं ते ती झोपल्यावर. आता सदुसष्टाव्या वर्षी एक सव्वापाच किलोचा जीव त्यांच्या बनियनला लाळ लावत होता. त्यांनी छातीवर पोर घेऊन कपडे वाळत घातले, भाजी आणली, जिन्यातल्या दिव्याची बटणं दुरुस्त केली. खालची दुकानदारीण म्हणाली, "काका, मागच्या जन्मी कांगारू होतात काय?" तात्यांची छाती, आधीच पाच किलोनं पुढे आलेली, आणखी दोन बोटं पुढे आली.

पाच आठवडे असे गेले. सहाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी शेजारणीनं दाराची घंटा दुरुस्तीला आणून दिली. गंजलेली, जुनी, आतली तार केसासारखी बारीक. दुपारी दीडला तात्यांनी गठुड्याला दूध पाजलं, ढेकर काढला, अंगावर बांधलं आणि टेबलाशी बसले. डोळ्याला भिंग लावलं. पण गठुड्याचं डोकं मध्ये येत होतं. खाली बघावं तर जावळ दिसायचं, तार दिसायची नाही.

तेव्हा त्यांनी गाठ सैल केली आणि गठुड्याला चार बोटं खाली सरकवलं.

फक्त चार बोटं. ते चुकीचं आहे हे त्यांना माहीत होतं. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःला हेच सांगत राहिले: माहीत नव्हतं असं नाही, विसरलो असंही नाही. माहीत होतं. दहा मिनिटांचं काम आहे, एवढंच मनात आलं.

काम दहा मिनिटांचं नव्हतं. तार एकदा निसटली, दोनदा निसटली. रेडिओवर कुणीतरी झाडांच्या कलमांवर बोलत होतं. तात्या पुढे वाकले होते, पुढे वाकलेल्या माणसाच्या पोटाशी कापडाचा बोळा होतो तसा झाला होता, आणि तिसऱ्यांदा तार बसली तेव्हा "हं, आता कशी!" असं ते म्हणाले. त्यावर नेहमी एक कुरकुर यायची. ती आली नाही.

यंत्रासोबत आयुष्य काढलेल्या माणसाला आवाजापेक्षा बंद पडलेला आवाज आधी कळतो. गठुडं झोपेत नाकातून बारीक सूं सूं करायचं. ते थांबलेलं होतं. कधीपासून, ते कळेना.

त्यांनी खाली बघितलं. चेहरा दिसत नव्हता. कापड बाजूला ओढलं तर हनुवटी छातीत रुतलेली, नाक कापडात, आणि ओठ जांभळट. त्यांनी तिच्या काखांत हात घालून तिला वर ओढलं, मान मागे लवंडली. हात लोंबत होते. "ए, ए गठुड्या, ए बाई," असं काहीबाही ते बोलत होते. तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, पुन्हा टिचकी. मग तिच्या अंगाला एक हिसका बसला, तोंड उघडलं, आत हवा गेल्याचा आवाज झाला आणि तिनं जे रडणं काढलं ते ऐकून तात्या जमिनीवरच बसले. भिंग कुठंतरी घरंगळत गेलं. रेडिओवरचा माणूस अजून कलमांवरच बोलत होता.

अर्ध्या तासानं गठुडं त्यांच्या नाकाशी खेळत होतं. रंग गुलाबी, हातपाय झाडतंय, हसतंय. चारला दूध प्यायलं, थेंबही मागे ठेवला नाही. डॉक्टरकडे न्यायला हवं, हे तात्यांना कळत होतं. त्यांनी चपला घातल्या, दारापर्यंत गेले. डॉक्टर विचारणार: काय झालं? लेकीला फोन लावणार. ती लॅबमधून धावत येणार. तिचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या. पोर तर बरी आहे, ते मनाशी म्हणाले. उगाच कशाला घाबरवायचं.

सहाला लेक आली. हात धुता धुता तिनं रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हणतंय गठुडं? दिवस कसा गेला?"

"मस्त," तात्या म्हणाले. "छान झोपली दुपारी."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कापड पुढे करून म्हणाली, "बांधून देऊ का?" तात्यांचे हात पुढे आलेच नाहीत. "आज नको," ते म्हणाले. "पाठ धरलीय जरा." पाठ हा शब्द कसा सुचला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आदल्या क्षणापर्यंत त्यांच्या पाठीला काही झालेलं नव्हतं.

पण लेकीचं मन लगेच कळवळलं. "बघा! माझंच चुकलं. पाच किलोचं ओझं दिवसभर. मी तरी काय विचार करत होते?"

शनिवारी ती त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तात्या गप उभे राहिले, वाकले, पालथे पडले. फोटो काढला. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "वयाच्या मानानं मणके उत्तम आहेत. पण तुम्ही दुखतंय म्हणता, म्हणजे दुखतच असणार." आणि त्यांनी पट्टा लिहून दिला, गोळ्या लिहून दिल्या. तात्यांनी न दुखणाऱ्या पाठीला पट्टा बांधला. गोळ्यांनी पोटात आग पडायची, तीही त्यांनी कुरकुर न करता सोसली. काहीतरी दुखतंय याचं त्यांना बरंच वाटायचं. संध्याकाळी लॅबमधून थकून आलेली लेक तेल कोमट करून त्यांची पाठ चोळायची. "इथं का? की जरा खाली?" ती विचारायची. तात्या उशीत तोंड खुपसून म्हणायचे, "हो, तिथंच."

त्या वेळी त्यांना तो सोबती आठवायचा. घसरणारा ब्रेक वहीत न लिहिणारा. त्या माणसाला दोन मुलं होती, हे त्यांना आता आठवलं. तेव्हा ते मनातही आलं नव्हतं.

दिवसभर आता ते दुसरं काहीच करत नसत. गठुडं पाळण्यात, आणि ते पाळण्याशेजारी खुर्ची टाकून, एक हात तिच्या पोटावर. पोट वरखाली होतंय ना. ती उचलून घ्यायला रडायची, हात वर करायची, चेहरा लालबुंद व्हायचा. ते उचलायचे, दोन्ही हातांनी, अंगापासून जरा लांबच धरायचे, आणि ती शांत झाली की पटकन खाली ठेवायचे. एरवी त्यांच्या बनियनला चिकटणारी पोर आता त्यांच्याकडे जरा नवलानं बघते, असं त्यांना वाटायचं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी अर्ध्यातून परत येऊन आरसा तिच्या नाकाशी धरायचे. आरसा धुरकट झाला की मग पाणी.

लेक संध्याकाळी स्वतः कापड बांधून गठुड्याला घ्यायची, तेव्हा तर त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

"हनुवटी बघ तिची."

"बघितली, बाबा."

"दोन बोटं घालून बघ."

"बाबा, दर दोन मिनिटांनी? मला कळतं हो!"

"जरा वर घे. वर घे म्हणतो ना!"

एकदा ते इतक्या जोरात बोलले की गठुडं दचकून रडायला लागलं. लेकीनं तिला थोपटून शांत केलं. पण थोड्या वेळानं, भांडी विसळता विसळता, पाठमोरीच म्हणाली, "बाबा, तुम्हाला आता तिचं करायचा कंटाळा आलाय का? खरं सांगा. मला राग नाही येणार."

"छे गं," तात्या म्हणाले. "पाठ. बाकी काही नाही."

त्यानंतरच्या सोमवारी तिनं जेवताना सांगितलं, अगदी सहज, जसं कुणी दूधवाला बदलल्याचं सांगतं तसं. लॅबमध्ये तिच्या विभागाच्या प्रमुख बाई निवृत्त होत होत्या. जागा तिला विचारली होती. तिनं नाही म्हटलं, आणि उद्यापासून अर्धा दिवसच येईन असं कळवून टाकलं.

"का?" तात्यांनी विचारलं.

"का म्हणजे काय? तुमची पाठ अशी. गठुडं असं. आणि प्रमुख झाले की संध्याकाळचे सात वाजणार रोज. होईल पुन्हा कधीतरी. घ्या, भात घ्या."

ती जागा तिला किती हवी होती हे तात्यांना माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून ती त्या यंत्रांविषयी बोलायची. सांगावं, आत्ता सांगावं, ते स्वतःला म्हणाले. पाठ ठणठणीत आहे एवढं तरी सांगावं. पण एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. त्यांनी भात घेतला आणि तो खाल्लाही. तो मंगळवार घाईतला होता, पण हा सोमवार त्यांनी शांतपणे ताटावर बसून घालवला, आणि पुढे विचार करताना त्यांना हा सोमवारच जास्त टोचत राहिला.

आणखी बारा दिवस गेले. रविवारी सकाळी लेकीची लॅबमधली मैत्रीण आली, पाच आठवड्यांचा मुलगा घेऊन. ऑपरेशन होऊन बाळ झालं होतं, चालताना ती अजून पोटाला हात लावून चालत होती. तिनंही तसंच कापड घेतलं होतं, हिरवं, आणि ते बांधायला शिकायचं होतं.

"माझ्याकडून काय शिकतेस," लेक म्हणाली, "खरे उस्ताद हे बसलेत. बाबा, ओझं नका घेऊ, नुसतं सांगा हिला."

तात्या नाही म्हणू शकले नाहीत. ते उभे राहून सांगू लागले. मधला भाग पोटावर. दोन्ही टोकं मागे, फुली, खांद्यावरून पुढे. ताण, अजून ताण. मैत्रीण हुशार होती, पटापट शिकली. मग बाळ आत बसवलं. इवलंसं, मान अजून डुगडुगणारी. आणि मैत्रिणीनं गाठ सैल करून त्याला खाली सरकवलं.

"वर घ्या," तात्या म्हणाले.

"नको काका, वर घेतलं की टाक्यांवर ताण येतो. खालीच बरं वाटतंय मला. आणि हात मोकळे राहतात, भाजीबिजी चिरता येईल."

"वर घ्या. हनुवटी टेकलीय त्याची."

"झोपलाय हो गाढ!" ती हसली. "चार बोटं वर-खाली झाल्यानं काय होतंय?"

"होतं," तात्या म्हणाले.

त्यांचा आवाज असा आला की दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या. तात्यांनी पुढे होऊन, परवानगी न मागता, त्या बाळाच्या हनुवटीखाली बोट घालून त्याचं तोंड वर केलं. मग मागे सरून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लेकीकडे बघून नाही, त्या मैत्रिणीकडे बघून, कारण लेकीकडे बघून ते सांगता आलं नसतं. मंगळवार. घंटा. भिंग. गाठ मीच सैल केली. ओठ जांभळे होते. हात लोंबत होते. मी कुणाला सांगितलं नाही. माझी पाठ दुखत नाही, कधीच दुखत नव्हती.

मैत्रिणीनं बाळाला कापडातून बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

लेक पाळण्याकडे गेली. गठुडं जागंच होतं, पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत. तिनं तिला उचललं. मग ती बोलायला लागली, आणि तो आवाज घरातला नव्हता, लॅबमधला होता.

"किती वाजता?"

"सव्वादोन. अडीच. नक्की नाही बघितलं."

"किती वेळ श्वास नव्हता?"

"माहीत नाही."

"नुसते ओठ, की चेहरासुद्धा?"

"ओठ. आणि नाकाभोवती. चेहरा पांढरा होता."

"झटके आले होते?"

"नाही."

"त्या संध्याकाळी मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात, छान झोपली."

मैत्रीण कधी निघून गेली ते तात्यांना कळलं नाही. हिरवं कापड खुर्चीवरच राहिलं होतं.

सोमवारी सकाळी मुलांच्या डॉक्टर बाईंनी गठुड्याला तासभर तपासलं. तात्या बाहेर बाकावर बसले होते. बाईंनी त्यांना आत बोलावून घेतलं. "मुलगी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सगळं वेळच्या वेळी करतेय. पण आजोबा, त्याच दिवशी आणायला हवं होतं. एकदा बरं झालं म्हणजे काही राहिलं नसेल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" तात्यांनी मान खाली घातली. ठीक आहे, हे दोन शब्द त्यांनी बाईंकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.

घरी आल्यावर त्यांना वाटलं, आता लेक ओरडेल. तिनं ओरडावं अशी त्यांची इच्छाच होती. ती ओरडली नाही. गठुड्याला झोपवून ती त्यांच्यासमोर बसली.

"जे झालं ते माझ्याकडूनही झालं असतं," ती म्हणाली. "भाजी चिरताना मीही तिला खाली सरकवलंय. दोनदा. त्याचा मला राग नाही, बाबा. पण सात आठवडे मी काहीच माहीत नसताना तिला बांधत होते. तुम्हाला माहीत होतं काय होऊ शकतं, आणि तुम्ही मला नुसतं वर घे, वर घे म्हणत होतात. का, ते सांगितलं नाहीत. मी चिडत होते तुमच्यावर. आणि मी तुमची पाठ चोळत होते." इथं तिचा आवाज फुटला. "रोज. तेल कोमट करून."

"ती जागा..." तात्या म्हणाले.

"गेली ती. दुसरीला दिली. त्याचं आता बोलू नका."

दुसऱ्या आठवड्यापासून गठुडं लॅबजवळच्या पाळणाघरात जायला लागलं. लेक पुन्हा पूर्ण दिवस जाऊ लागली, जुन्याच खुर्चीवर. तात्या दिवसभर एकटे. पट्टा त्यांनी कपाटात ठेवला. शेजारणीची घंटा परत नेऊन दिली. ती उत्तम वाजत होती, आणि जिन्यातून जाताना ती वाजली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यांनी त्या जुन्या सोबत्याचा पत्ता शोधायचा प्रयत्न केला. चार लोकांना फोन केल्यावर कळलं, तो तीन वर्षांपूर्वीच गेला. काय बोलणार होते त्याच्याशी, हे त्यांनी ठरवलंही नव्हतं.

लेक कामापुरतं बोलायची. ताट वाढलंय. गॅस संपलाय. जावई सुट्टीवर आला तेव्हा तिनंच त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गॅलरीत उभा राहिला, मग आत येऊन म्हणाला, "बाबा, चहा घेणार?" आणि पुन्हा त्या विषयावर कधी बोलला नाही. तात्यांना लेकीचा तुटकपणाही सोसवत नव्हता आणि जावयाचा चहाही.

हळूहळू, कुठल्या एका दिवशी असं नाही, घर पुन्हा चालू लागलं. एकदा पाळणाघर अचानक बंद होतं आणि लेकीचं जाणं अडलेलं. ती गठुड्याला घेऊन बराच वेळ दारात उभी राहिली, मग तिला तात्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मी फोन करीन." तिनं त्या दिवशी नऊ फोन केले. तात्यांनी प्रत्येक वेळी, ती काय करतेय, काय खाल्लं, कुठं आपटली, जे असेल ते सगळं सांगितलं. पुढच्या वेळी सहा फोन आले. मग तीन. मैत्रीणही एकदा येऊन गेली, अंगावर दुसरंच कापड, त्यात तिचा मुलगा अगदी वर, तिच्या हनुवटीशी. आपलं गठुडं मात्र तोवर रांगायला लागलं होतं. तात्यांनी तिला पुन्हा कधी बांधलं नाही. कुणी बांधा असंही म्हणालं नाही आणि बांधू नका असंही नाही.

दीड वर्षाची झाल्यावर गठुडं चालायला लागलं आणि चालायचा हट्ट धरायला लागलं. एका रविवारी तिघं बाजारात गेली. जाताना ती स्वतः चालली, येताना अर्ध्या वाटेत, पदपथाच्या मधोमध, फतकल मारून बसली. लेकीच्या दोन्ही हातांत पिशव्या. गठुड्यानं आधी आईकडे बघितलं, मग उठून तात्यांच्या पायाशी आली आणि हात वर केले.

तात्या वाकले आणि अर्ध्यातच थांबून लेकीकडे बघू लागले.

लेक दोन पावलं पुढे गेली होती. ती वळली, त्यांना तसं अवघडलेलं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी बरंच काही येऊन गेलं.

"माझ्याकडे काय बघताय, बाबा?" ती म्हणाली. "हात तिनं तुमच्यापुढे केलेत."

तात्यांनी नातीला उचललं. ती चांगलीच जड झाली होती. तिनं त्यांच्या खांद्यावर गाल टेकला, आणि घर येईपर्यंत तात्या मान वाकडी करून तिचा चेहरा बघत चालले, म्हणून त्यांना दोनदा ठेच लागली.